गळ्यातलं फुलपाखरू

मुलांनो, आपल्या गळ्यात एक फुलपाखरू राहतं, माहीत आहे का? कंठमण्याच्या जरा खाली, श्वासनलिकेला बिलगून एक छोटी ग्रंथी असते. तिचा आकार अगदी पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा. नाव तिचं थायरॉईड. पुस्तकात तिला अवटू ग्रंथी म्हणतात. आपली वाढ, अंगातली ऊब, अंगातला उत्साह या सगळ्यांवर तिचं लक्ष असतं. या कामाला तिला आयोडीन लागतं. मिठाच्या पुडीवर 'आयोडीनयुक्त' असं छापलेलं असतं ना, ते यासाठीच.

पण ही ग्रंथी आहे मोठी भोळी! साधं आयोडीन कोणतं आणि किरणोत्सारी आयोडीन कोणतं, हे तिला ओळखता येत नाही. येईल ते साठवते.

२६ एप्रिल १९८६ रोजी तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिल अणुवीज केंद्रात स्फोट झाला. किरणोत्सारी आयोडीन वाऱ्याबरोबर दूरवर पसरलं आणि गवतावर बसलं. ते गवत गाईंनी खाल्लं, गाईंचं दूध मुलांनी प्यायलं. १९९० च्या सुमारास बेलारूस आणि युक्रेनमधल्या मुलांत थायरॉईडचा कर्करोग वाढताना दिसू लागला. मग १९९१ ते १९९६ या काळात जपानी ससाकावा प्रतिष्ठानच्या मदतीने सुमारे १ लाख ६० हजार मुलांचे गळे तपासले गेले. कशाने? सोनोग्राफीने.

सोनोग्राफी म्हणजे वटवाघळाची युक्ती, बरं का! वटवाघूळ बारीक आवाज काढतं आणि प्रतिध्वनीवरून वाट ओळखतं. आपल्याला सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचाच आवाज ऐकू येतो. गळ्यावर फिरवायच्या यंत्रातला आवाज सेकंदाला जवळपास कोटीभर कंपनांचा! त्याचा प्रतिध्वनी पडद्यावर चित्र काढतो. यात क्ष-किरण नसतात, दुखतही नाही. दोन-तीन मिलिमीटरची गाठसुद्धा दिसते. ती कर्करोगाची आहे का, हे मात्र चित्रावरून पक्कं सांगता येत नाही. शंका आली, तर बारीक सुईने थोड्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात.

आता तुम्ही विचाराल, "इतकं बारीक शोधलं, म्हणूनच जास्त सापडलं असेल तर?" शाबास! शास्त्रज्ञांनाही हाच प्रश्न पडला. १९९८ ते २००० मध्ये बेलारूसमधल्या गोमेल भागात शाळकरी मुलांची सारखीच तपासणी झाली. अपघाताआधी जन्मलेल्या ९,७२० मुलांत ३१ जणांना कर्करोग निघाला. १९८७ ते १९८९ मध्ये जन्मलेल्या ९,४७२ मुलांत एकालाही नाही! कारण ते आयोडीन दर ८ दिवसांनी निम्मं होतं. १९८७ उजाडेपर्यंत ते जवळजवळ संपलं होतं. म्हणजे दोष यंत्राचा नव्हता, दुधातल्या आयोडीनचाच होता.

जपानमधल्या फुकुशिमाची गोष्ट मात्र वेगळी. मार्च २०११ मध्ये तिथल्या अणुवीज केंद्रात अपघात झाला. तिथे दुधावर आणि भाजीपाल्यावर लगेच बंदी आली, त्यामुळे मुलांच्या शरीरात किरणोत्सारी आयोडीन फार कमी गेलं. तरी पहिल्या फेरीत सुमारे ३ लाख मुलांची सोनोग्राफी झाली, आणि ११६ जणांत कर्करोग किंवा त्याची दाट शंका निघाली. आईवडिलांची झोप उडाली. मग दूरच्या आओमोरी, यामानाशी आणि नागासाकी इथल्या ४,३६५ मुलांची तशीच तपासणी केली. तिथेही बारीक गाठी तेवढ्याच प्रमाणात दिसल्या आणि एका मुलात कर्करोगही सापडला. संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीने पुढे सांगितलं की, फुकुशिमातले वाढलेले आकडे बहुधा इतक्या बारीक तपासणीमुळे आहेत.

"मग सापडलं तर बरंच झालं की!" असं वाटेल. पण थायरॉईडच्या काही इवल्या गाठी आयुष्यभर गप्प पडून राहतात. एकदा दिसल्या, की पाठोपाठ सुई, कधी शस्त्रक्रिया, गळ्यावर व्रण आणि पूर्ण ग्रंथी काढली तर जन्मभर गोळी. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये सल्ला दिला, की अणू अपघातानंतर सरसकट सगळ्यांचा थायरॉईड तपासू नये. ज्यांच्या ग्रंथीला जास्त किरणोत्सार मिळाला असेल, त्यांना मात्र नीट समजावून सांगून तपासणीची सोय द्यावी.

पालकहो, मुलाच्या गळ्यात गाठ हाताला लागली, आवाज बरेच दिवस घोगरा राहिला किंवा गिळताना अडकू लागलं, तर घरगुती लेप लावत बसू नका, डॉक्टरांकडे जा. बहुतेक गाठी साध्या असतात, आणि मुलांमधला हा कर्करोग बहुतेक वेळा उपचारांनी बरा होतो. पण काहीच तक्रार नसताना, शेजारच्यांनी केली म्हणून आपणही सोनोग्राफी करायची, असं नको.

आता मुलांनो, या आठवड्याचं गणित. १,०२४ दाणे घ्या असं समजा. दर ८ दिवसांनी ते निम्मे होतात. एकच दाणा उरायला किती दिवस लागतील? वहीत मांडा आणि वर्गात बाईंना किंवा सरांना दाखवा.