पोस्टकार्डाला संरक्षण, आईच्या आवाजाला नाही

प्रति,
मा. गृहमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

मंत्रिमहोदय,

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतली कलमं 94 आणि 95 एकदा सलग वाचा. टपाल खात्याच्या ताब्यातलं पोस्टकार्ड तपासासाठी हवं असेल, तर जिल्हा दंडाधिकारी, मुख्य न्यायदंडाधिकारी, सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय यांपैकी कुणाचा तरी आदेश लागतो. पोलीस आयुक्तसुद्धा तोवर ते फार तर अडवून ठेवायला सांगू शकतात. आणि माझ्या आईच्या खोलीतला आवाज, जो स्मार्ट स्पीकरने टिपून कंपनीच्या सर्व्हरवर ठेवला, तो मागवायला? पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा लेखी हुकूम पुरतो. तोही इलेक्ट्रॉनिक स्वरूपात चालतो. न्यायाधीशाची सही नको.

पोस्टकार्ड! जे पोस्टमन दारापर्यंत येताना वाचू शकतो, त्याला दंडाधिकाऱ्याची किंवा न्यायालयाची ढाल आणि बंद दाराआडच्या बोलण्याला काहीच नाही.

टपालाचं हे संरक्षण इंग्रजांच्या काळापासूनचं आहे. तेव्हा घरातली गोष्ट बाहेर जायची ती पत्रातून. 2023 मध्ये तुम्ही जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 484 कलमांच्या जागी या संहितेची 531 कलमं आणलीत. कलम 94 मध्ये इलेक्ट्रॉनिक संप्रेषण आणि त्याची साधनं नव्याने घातलीत. म्हणजे विषय तुमच्या टेबलावर होता. तुम्ही पोलिसांचा हात लांब केलात आणि नागरिकाचं संरक्षण होतं तिथेच ठेवलंत. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी सांगून सहा वर्षं उलटली होती. आणि ज्या अधिवेशनात हा कायदा संमत झाला, त्यात 146 खासदार निलंबित होते. प्रश्न विचारायचा कुणी?

आता परदेशातलं पाहा. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात बेंटनव्हिल इथे नोव्हेंबर 2015 मध्ये एका घराच्या हॉट टबमध्ये मृतदेह सापडला. पोलिसांनी घरातल्या अ‍ॅमेझॉन एको या स्मार्ट स्पीकरचं रेकॉर्डिंग मागितलं, तेही न्यायाधीशाचं वॉरंट घेऊन. तरी कंपनी फेब्रुवारी 2017 मध्ये कोर्टात भांडली. शेवटी आरोपीनेच मार्चमध्ये संमती दिली आणि नोव्हेंबरमध्ये सरकारी पक्षाने खटला मागे घेतला. न्यू हॅम्पशायरमध्ये दोन स्त्रियांच्या खुनात नोव्हेंबर 2018 मध्ये न्यायाधीशाने अशाच स्पीकरचं दोन दिवसांचं रेकॉर्डिंग देण्याचा आदेश काढला. तो योग्यच होता. घरात बाईचा जीव जातो तेव्हा अनेकदा दुसरा साक्षीदारच नसतो. असा पुरावा वापरूच नका, असं मी म्हणत नाही. तो मागताना मध्ये न्यायाधीश असावा, एवढंच म्हणतो.

का, ते आमच्या घरातलं सांगतो. आईचे गुडघे गेलेत. दिवा लावायला, सकाळची भजनं लावायला तो स्पीकर तिच्या कपाटावर ठेवला आहे. एकदा अ‍ॅपमधला इतिहास उघडला, तर कुणी हाक न मारता तो जागा झाल्याची नोंद दिसली. क्लिप लावली. आईचा आवाज: ‘...संपवून टाका एकदाचं.’ बस्स, एवढंच. त्या दुपारी ती मावशीशी मामांबरोबरच्या बांधाच्या वादाबद्दल बोलत होती. ‘कोर्टकचेऱ्या पुरे झाल्या, तो वाद’ हे आधीचे शब्द यंत्राने घेतलेच नव्हते.

उद्या मामांना काही झालं, तर ही क्लिप कुणाच्या तरी फायलीत लागेल. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडलं जाईल, भाग अ आणि तज्ज्ञाचा भाग ब, दोन्ही. हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलचा डिजिटल ठसा, तंतोतंत जुळेल. फाईलमध्ये नंतर फेरफार झालेला नाही, हे त्यातून सिद्ध होईल. क्लिपच्या आधी काय बोललं गेलं आणि यंत्र चुकून जागं झालं होतं का, हे त्या प्रमाणपत्रात कुठेच लिहावं लागत नाही. आणि आई सत्तरी ओलांडलेल्या वयात पोलीस ठाण्यात ‘संपवून टाका’चा अर्थ समजावत बसेल.

घरातल्या यंत्राने टिपलेला आवाज कलम 94 मधून काढून कलम 95 च्या संरक्षणाखाली आणा. न्यायालयाचा आदेश, ठरावीक तारीख-वेळेपुरताच. जे रेकॉर्डिंग पोलिसांना मिळेल ते सगळं, यंत्र चुकून जागं झाल्याच्या नोंदींसह, आरोपीलाही मिळालं पाहिजे. त्यासाठी दुरुस्ती विधेयक लागेल, ते पुढच्याच अधिवेशनात आणा. आणि यावेळी विरोधकांना सभागृहात बसू द्या.

आपला,
नाशिकचा एक नागरिक