वॉकर चालत नव्हता

जातीचा विषय निघाला की आमच्या कॅन्टीनमध्ये एक वाक्य हमखास येतं: ‘इंग्रजांतही स्मिथ, पॉटर, वॉकर आहेतच की! व्यवसायावरून आडनाव, म्हणजे जातच झाली.’ मला हे वाक्य आळशी वाटतं. शिवाय फार सोयीचं. म्हणून त्यातलं एकच आडनाव उघडून बघू.

वॉकर म्हणजे चालणारा नव्हे. ‘जॉनी वॉकर’च्या बाटलीवर १९०८पासून ढांगा टाकणाऱ्या टोपीवाल्याने सगळ्यांना फसवलंय. वॉकर म्हणजे लोकरीचं कापड तुडवणारा. मागावरून उतरलेलं कापड विरविरीत आणि तेलकट असायचं. ते हौदात टाकायचं, त्यावर पाणी आणि शिळं मूत ओतायचं आणि अनवाणी पायांनी तासन्‌तास तुडवायचं. लोकरीचा तेलकटपणा जायचा, कापड आटून घट्ट व्हायचं. सोबत एक चिकणमाती वापरत, फुलर्स अर्थ. आपण तिला मुलतानी माती म्हणतो आणि चेहऱ्याला लावतो.

तो फुलर म्हणजे हाच माणूस. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये तो वॉकर, दक्षिणेत आणि पूर्वेला फुलर, नैऋत्येला डेव्हनकडे टकर. काम एक, आडनावं तीन. त्या त्या भागात कामाला जो शब्द होता तो माणसाला चिकटला, एवढंच. वॉकर-वॉकरसुद्धा एकमेकांचे भाऊबंद असतीलच असं नाही.

आणि बाराव्या शतकाच्या अखेरीस पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे हे काम करू लागले होते. वंशपरंपरेने चालणारी आडनावं बहुतेक लोकांत रुजली ती त्यानंतर. म्हणजे ऑटोमेशन आधी, आडनाव मागून! आमच्या जुन्या कोडमध्ये असतं तसं; फंक्शनचं काम कधीच बदललं, नाव कुणी बदललं नाही.

बाटलीवरचा जॉन वॉकर शेतकऱ्याचा मुलगा. १८२०मध्ये त्याने किल्मार्नोकला किराणा दुकान टाकलं. आडनाव कापड तुडवणाऱ्याचं, बाप शेतकरी, धंदा वाण्याचा, नाव झालं व्हिस्कीने. आता सांगा, यात जात कुठे बसवता?

ब्रिटन काही समतेचं नंदनवन नव्हतं. भूदास होते, वर्गाची घमेंड तर आजही आहे. पण मुतात पाय बुडवणाऱ्या वॉकरच्या स्पर्शाने कुणी बाटत नव्हतं. लोहाराच्या मुलीशी त्याचं लग्न धर्माने अडवलं नव्हतं. श्रमांची वाटणी वेगळी आणि श्रमिकांची उतरंड वेगळी, हे आंबेडकरांनी १९३६मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडलं. तरी आपण स्मिथ-पॉटर घोकतोय.

मागच्या वर्षी पुण्यात फ्लॅट शोधताना एका घरमालकाने पगाराआधी आडनाव विचारलं. सांगितल्यावर म्हणाला, ‘अहो, कालच गेला फ्लॅट.’ जाहिरात पुढे तीन आठवडे तशीच होती.