पावडरचा डबा आणि बाईचं ताट

गेल्या श्रावणात शिरूरच्या एका बचतगटात कर्जाचे अर्ज वाचत होते. शेळी, मुलीची फी, शिलाई मशीन. चौथ्या अर्जावर कारण होतं, 'आरोग्य'. विचारल्यावर कळलं, वजन उतरवायच्या पावडरचे दोन डबे घ्यायचे आहेत. अर्ज करणारी रांजणगावच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार आणि विकणारी तिच्याच शेजारी बसलेली, गटातलीच. "ताई, सकाळ-संध्याकाळ एक ग्लास घ्यायचा, जेवण सोडायचं. माझं सहा किलो उतरलं."

ती खोटं बोलत नव्हती. दोन वेळचं जेवण सोडल्यावर वजन उतरणारच! त्यात पावडरचं कर्तृत्व काय? डबा संपतो, पैसे संपतात, जेवण पूर्ववत होतं आणि वजन माघारी येतं. मग ऐकावं लागतं, "तुझ्याच तोंडाला लगाम नाही." माल फसला की दोष गिऱ्हाइकाचा, असा धंदा दुसरा कुठला असेल?

डब्यात होतं काय? सोयाबीनचं आणि दुधाचं प्रथिन, साखर, वास. शिरूरच्या जिरायती गावांत मटकी आणि हुलगा पिढ्यान्‌पिढ्या पिकत आले. घोडचं, चासकमानचं पाणी आलं, ऊस आला; हुलग्याचं माडगं गरिबीची खूण म्हणून ताटातून गेलं. गोठ्यातलं दूध चरवी भरून डेअरीला जातं. धारा काढणारीच्या वाट्याला कपभर चहा, तोही साखरेनं घट्ट. दूध डेअरीला घालायचं आणि दुधाच्याच भुकटीला कर्ज काढायचं!

कायदा काय करतो, हेही आपण माहीत करून घ्यायला हवं. आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा 1954 चा कायदा ज्या विकारांवर औषधाची जाहिरात करायला मनाई करतो, त्यांच्या यादीत लठ्ठपणा आहे. म्हणून हा माल औषध म्हणून येतच नाही, 'अन्न' म्हणून येतो. 2016 च्या नियमांप्रमाणे अशा पूरक अन्नावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापावं लागतं. ते बारीक इंग्रजीत छापलेलं असतं. तोंडी मात्र गुडघेदुखीपासून पाळीपर्यंत सगळं बरं होतं. सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध हृदयाला धोक्याचं ठरलं, भारतात त्यावर 2011 मध्ये बंदी आली. त्यानंतरही 'वनस्पतीजन्य' म्हणून विकल्या जाणाऱ्या वजन उतरवायच्या मालात ते लपवून घातलेलं जगभर सापडलं आहे.

विकणाऱ्या बाईवर माझा राग नाही. तिच्या कपाटात न खपलेले नऊ डबे पडून आहेत. माणसामागे माणूस जोडत जाणाऱ्या साखळी योजनांना 2021 च्या थेट विक्री नियमांनी मनाई केली, पण तालुक्याच्या गावात हे बघायला येतो कोण?

आता आपल्याकडे वळते. आपण संघटनावाल्यांनी हा विषय 'शहरी बायकांचे चोचले' म्हणून सोडून दिला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 24 टक्के बायका जादा वजनाच्या निघाल्या आणि 57 टक्के रक्तपांढरीच्या. या दोन जाती वेगळ्या नव्हेत. आमच्या गटांत एकच बाई जाडही असते आणि रक्त कमी असलेलीही. काही मैत्रिणी म्हणतात, वजन कमी करा म्हणणं हीच पुरुषी नजर. सडपातळ सून मागणाऱ्यांना जरूर झोडपू या. पण खुरपताना जिला खाली बसवत नाही, जिला साखर निघाली आहे, तिला वजन उतरवावंसं वाटलं तर ते तिच्या गुडघ्यासाठी आहे.

आणि ते उतरतं कशानं? रोज वेळेवर, बेताचं, डाळ-भाजी-भाकरी धरून खाण्यानं, ते वर्षानुवर्षं चालू ठेवण्यानं. डॉक्टर हे सांगतात आणि मोकळे होतात.

दौंडच्या शिबिरात आम्ही कागद वाटले : काल काय खाल्लं, किती वाजता? पहाटे पाचला चहा. डबे भरताना चपातीचा तुकडा. अकराला चहा-बटर. तीनला पोरांनी टाकलेला भात, 'वाया कशाला घालवायचा' म्हणून. रात्री साडेदहाला, सगळ्यांची उठल्यावर, उरलेलं सगळं. सोमवार-गुरुवार साबुदाणा, एकादशी दुप्पट खाशी म्हणून आपणच हसायचं. दुपारी ताट वाढून घेऊन बसले, असं एकीच्याही कागदावर नव्हतं.

वेळेवर खायला वेळ आपल्या हातात लागते. 2019 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची रोजची सरासरी निघाली 299 मिनिटं. पुरुषांतले मुळात चौघांतला एकच घरकामाला हात लावतो, तोही 97 मिनिटं. अन्नसुरक्षा कायद्याचं धान्य मिळतं, पण डाळीचा हक्क त्यात नाही. ग्लासभर पावडर खपते ती इथेच : ती घ्यायला कुणाशी भांडावं लागत नाही, कुणाच्या आधी जेवावं लागत नाही.

त्या कर्जाला मी विरोध केला. बायका म्हणाल्या, पैसा तिचा, अंग तिचं. बहुमतानं मंजूर झालं. डबे केव्हाच संपले, हप्ते अजून चालू आहेत.

दौंडच्या सात जणींनी मात्र ठरवलं की दुपारी एकला ताट घेऊन बसायचं, घरात कुणी जेवलेलं असो वा नसो. तिसऱ्या आठवड्यात एकीच्या सासूबाई तरातरा बैठकीला आल्या. "सून आमच्या आधी जेवायला लागली. हेच शिकवता का?" त्यांना बसवून घेतलं, पाणी दिलं आणि विचारलं, "आत्याबाई, तुम्ही आज किती वाजता जेवलात?"

"मी? अजून कुठं जेवले!"

साडेतीन वाजले होते.