फॉरमॅट मारण्याआधी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त पुतण्याच्या फोनचं.

"काका, विमान पुन्हा पडलं बघा."

दुसऱ्या कुठल्या घरात असा फोन आला तर हाहाकार होईल. आमच्याकडे सवय आहे. आत्या, मावश्यांसाठी सांगतो: हे विमान म्हणजे फ्लाइट सिम्युलेटर, संगणकावर विमान उडवायचा कार्यक्रम. त्यातल्या मूळ विमानांवर कुणाचंच समाधान होत नाही. मग लोकांनी हौसेनं बनवलेली विमानं उतरवून घ्यायची आणि आत टाकायची. त्यांना ॲड-ऑन म्हणतात. मग एके दिवशी अख्खा कार्यक्रमच धाडकन बंद होतो. ना निरोप, ना कारण. समोर नुसता डेस्कटॉप.

पोरगं धर्मापुरीच्या घरी माडीवर बसून मायक्रोसॉफ्टचं 2020 सालचं सिम्युलेटर चालवतं. पुढचं वाक्य होतं, "फॉरमॅट मारून टाकू का? दुकानवाले म्हणायलेत, विंडोजच खराब झालंय."

"हात लावू नकोस!" मी इतक्या जोरात ओरडलो की स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली.

आता या ओरडण्यामागची गोष्ट सांगतो. घरात सगळ्यांना अर्धवट माहीत आहे, पूर्ण मी कधी सांगितली नाही.

2011 साल. आबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याच माडीवर माझा जुना पीसी होता आणि त्यात 2006 साली आलेलं फ्लाइट सिम्युलेटर एक्स. दिवसाचे कित्येक तास लाईट नसायची. लाईट आली की मी चिकलठाण्याहून मुंबईला निघायचो. एकदा एक फुकटातलं विमान मिळालं. ते होतं 2003 सालच्या जुन्या आवृत्तीसाठी बनवलेलं. मी ते तसंच नव्यात टाकलं. विमान निवडलं की सगळं बंद! विंडोजनं दाखवलेल्या चौकटीत नाव होतं एनटीडीएलएल. ती विंडोजची स्वतःची फाइल.

तालुक्याच्या गावातल्या एका दुकानात पीसी नेला. त्यांनी ते नाव वाचलं आणि निकाल दिला, विंडोज करप्ट. "फॉरमॅट मारावं लागेल. सी ड्राइव्हच मारतो, डी ला हात लावत नाही." मी म्हटलं, मारा.

आबांच्या अकरा ध्वनिफिती सी ड्राइव्हवर होत्या. गावात कुणी पाहुणा आला की आबा त्याला केदारेश्वराच्या देवळात घेऊन जायचे आणि चालुक्यांच्या काळातलं एकेक शिल्प समजावून सांगायचे. ते सांगणं मी 2008 मध्ये मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं आणि पीसीच्या डेस्कटॉपवर ठेवलं होतं. डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्ह, हे मला माहीत नव्हतं असं नाही. विचारच केला नाही.

पीसी घरी आणला, सिम्युलेटर टाकलं, तेच विमान टाकलं. पुन्हा बंद. चौकटीत पुन्हा तेच नाव. म्हणजे आबांचा आवाज गेला तो गेला, आणि बिघाड जिथल्या तिथे! खरं कारण पुढे कळलं. त्या विमानातली घड्याळं, म्हणजे गेज, हे छोटे प्रोग्रॅमच असतात. जुन्या पद्धतीनं लिहिलेलं एक गेज नव्या आवृत्तीत मेमरीत नको तिथे हात घालत होतं. त्या विमानाचं फोल्डर उचलून बाजूला ठेवलं असतं तर काम भागलं असतं. दोन मिनिटांचं काम.

दुकानदाराला मी दोष देत नाही. हो मी म्हटलं होतं. पण तेव्हापासून माझं एक मत झालंय, आणि ते आज ठासून मांडतो: "फॉरमॅट मारा" हा सल्ला नाही, ती शोधाला दिलेली सुट्टी आहे. कधीकधी फॉरमॅट करावंच लागतं, नाही असं नाही. व्हायरसनं पोखरलेला संगणक असेल तर दुसरा उपाय नसतो. पण तो शेवटचा उपाय. आपल्याकडे तो पहिला झालाय.

खरं विमान पडतं तेव्हा तपास करणारे आधी काय करतात? अवशेष हलवू देत नाहीत. फॉरमॅट म्हणजे त्या जागेवर तपासाआधीच बुलडोझर फिरवणं. आबांच्या भाषेत सांगायचं तर, देवळाचा एक दगड सरकला म्हणून कुणी देऊळ पाडत नाही. उतरवावंच लागलं तर प्रत्येक दगडावर नंबर टाकतात, मग उतरवतात.

दुसरी गोष्ट त्या चौकटीतल्या नावाची. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्येही ते सापडतं. ते नाव म्हणजे प्रोग्रॅम जिथे कोसळला ती जागा. ढकलणारा तिथे असेलच असं नाही. प्रेत विहिरीत सापडलं म्हणून विहिरीनं खून केला असं आपण म्हणतो का? ॲड-ऑननं मेमरीत घाण करून ठेवायची आणि काही वेळानं विंडोजच्या फाइलनं त्यावर पाय देऊन घसरायचं, असं सर्रास होतं. नाव मात्र विंडोजचं येतं.

असो. पुतण्याकडे वळू.

त्याच्याकडे सिम्युलेटर मेनू यायच्या आतच बंद होत होतं. विचारलं, "नवीन काय टाकलंस?" म्हणे, "काहीच नाही." (हे उत्तर नेहमीच खोटं असतं, पण देणाऱ्याला ते खरं वाटत असतं.)

त्याला म्हटलं, कम्युनिटी नावाच्या फोल्डरमधलं सगळं दुसरीकडे हलव. पुसू नकोस, हलव. बाहेरून आणलेली विमानं तिथेच असतात. फोल्डर रिकामं केल्यावर सिम्युलेटर नीट सुरू झालं. म्हणजे विंडोज सुटलं, सिम्युलेटरही सुटलं. गुन्हेगार बाहेरून आणलेल्यातच.

एकूण 38 पुडकी होती. एकेक तपासत बसायचं नाही, निम्मी परत टाकायची. बंद पडलं तर दोष त्या निम्म्यात, नाही तर उरलेल्यात. मग त्याचे निम्मे. एकच गुन्हेगार असेल तर 38 साठी जास्तीत जास्त सहा फेऱ्या लागतात. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक फेरी वहीत लिहायची.

गंमत पुढे आहे. पहिली 19 टाकली, चाललं. ती काढून दुसरी 19 टाकली, तेही चाललं! पोरगं म्हणे, "काका, तुमचं गणित चुकलं." मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण सगळी एकत्र टाकली की हमखास बंद. म्हणजे गुन्हेगार एक नव्हता, जोडी होती. मग पहिली 19 तशीच ठेवून दुसऱ्या गटातली थोडी थोडी टाकत गेलो. एक सापडलं. ते आत ठेवून पहिल्या गटाची चाळणी केली. दुसरं सापडलं.

दोन्ही पुडकी एकाच विमानाची होती. एक जुनी आवृत्ती, एक नवी, फोल्डरची नावं वेगळी. दोघांतलं कुठलंही एकटं असलं की साधं सरळ. "मी नवीन काही टाकलं नाही, फक्त अपडेट केलं होतं," तो म्हणाला. त्या विमानाबरोबरच्या सूचनांच्या फाइलमध्ये पहिलीच ओळ होती, आधीची आवृत्ती काढून टाका. ती कोण वाचतो? :)

दोन संध्याकाळी गेल्या. फॉरमॅट अर्ध्या दिवसात झालं असतं, हे कबूल. पण मग त्यानं तीच दोन पुडकी पुन्हा टाकली असती. 2011 मध्ये मी टाकलं होतं तसंच.

काल त्याचा पुन्हा फोन आला. चिकलठाण्याहून उडून मुंबईला व्यवस्थित उतरला म्हणे. बोलता बोलता म्हणाला, "काका, पहिल्या फेरीच्या आधी आजीचे सगळे व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेतले होते." मी त्याला तसं सांगितलं नव्हतं. आबांच्या फितींचं त्याला बहुतेक आईनंच कधीतरी सांगितलं असावं.

मी नुसतं "बरं केलंस" म्हटलं आणि फोन ठेवला. मग उठून माझ्या लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर काय काय पडलंय ते बघत बसलो. तुम्हीही आज एकदा बघा.