सायकल कोणाच्या मापाची?

‘‘आई, मी सायकल घेतेय. जुनी. जवळजवळ पन्नास वर्षांची!’’

लेकीचा फोन आला तो या वाक्यानेच. गेल्या वर्षी ती शिकायला कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस या गावी गेली. विद्यापीठाचे गाव, सपाट रस्ते आणि जिकडे तिकडे सायकली. अमेरिकेत रस्त्यावर सायकलींसाठी वेगळा पट्टा आखायची सुरुवात १९६७ साली याच गावाने केली म्हणे. म्हणजे आमच्या लहानपणीचे पुणेच म्हणा ना! तिथे गाडी घेणे विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडत नाही. नवी चांगली सायकलही महागच. मग जुन्या सायकलींचा बाजार बघायचा.

आता खरे तर ‘घे बाई, जपून चालव’ एवढे म्हणून मी फोन ठेवायला हवा होता. पण आई ती आईच. मी पटकन म्हणून गेले, ‘‘एकटी जाऊ नकोस. सायकलीतलं कळणाऱ्या एखाद्या मुलाला घेऊन जा. आणि लेडीज बघ हं!’’

पलीकडे दोन क्षण शांतता. मग ती म्हणाली, ‘‘आई, सायकल चालवणार मी. मग कळायला मुलगा कशाला?’’

खरे सांगते, मला उत्तर सुचले नाही.

तिने चार सायकलींचे फोटो पाठवले. चारही ‘टेन-स्पीड’. पुढे दोन चक्रे, मागे पाच, म्हणून दहा गिअर. खाली वळलेले हँडल, बारीक टायर. आमच्या लहानपणी अशी सायकल फक्त इंग्रजी सिनेमात दिसायची. अमेरिकेत मात्र १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला या सायकलींची लाटच आली होती. त्याआधी सायकल म्हणजे तिथे पोरांचे खेळणे. ती एकाएकी मोठ्यांनाही हवीशी झाली, त्यात १९७३च्या अखेरीस पेट्रोलची टंचाई आली. त्या एका वर्षात अमेरिकेत सुमारे दीड कोटी सायकली खपल्या. हौस फिटल्यावर त्यातल्या कितीतरी गॅरेजमध्ये भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. पन्नास वर्षांपूर्वीची साधी, स्वस्तातली सायकल आजही तिथे सुस्थितीत मिळते, ती यामुळे.

फोटो आले आणि आमच्या घरात मतदान सुरू झाले.

नवऱ्याचे मत श्विनच्या ‘व्हार्सिटी’ला. शिकागोची सायकल, निळीशार, दणकट. ‘‘अमेरिकेत राहतेय तर अमेरिकन घ्यावी. रणगाडा आहे, मोडायची नाही!’’ माझे मन मात्र ‘रॅले’वर अडकले. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची ‘ग्रांप्री’. माझ्या आजोबांकडे सेन-रॅले होती, आसनसोलच्या कारखान्यात बनलेली. तिचे हँडल पुसताना आजोबांचा चेहरा कसा व्हायचा, ते मला अजून आठवते. तिसरी फ्रान्सची ‘प्यूजो’, पांढरी, नाजूक, मधली आडवी नळी नाही, दोन बारीक नळ्या तिरक्या खाली उतरत मागच्या चाकापर्यंत गेलेल्या. या प्रकाराला ‘मिक्स्ट’ म्हणतात. माझ्या जावेने फोटो पाहिला आणि निकालच दिला, ‘‘ही घे. मुलीच्या जातीला शोभून दिसते!’’ चौथी होती एक चॉकलेटी, कळकट सायकल. नाव ‘निशिकी’. जपानमध्ये बनवून अमेरिकेत विकलेली. तिला आमच्या घरात एकही मत पडले नाही.

म्हणजे बघा, एकाने देश पाहिला, एकीने आठवण पाहिली, एकीने शोभा पाहिली. सायकलवर बसणारीची उंची किती, तिला ती रोज कुठे न्यायची आहे, हे कोणी विचारले? कोणीही नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण काय उगाच आली!

शेवटी मीच एक युक्ती काढली. आमच्या कोपऱ्यावरचे सायकलवाले काका चाळीस वर्षे हेच काम करताहेत. तिकडे सकाळ झाली तेव्हा इकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते. काका दुकान आवरत होते. मी व्हिडिओ कॉल लावून फोन त्यांच्यापुढे धरला. वाटले, आता काका सांगतील ती घ्यायची, विषय संपला. पण काका म्हणाले, ‘‘ताई, बसणार ती. मी इथून काय सांगणार? तिलाच बघू द्या. मी फक्त काय बघायचं ते सांगतो.’’

मग त्यांनी तिला एकेक करून सांगितले, तेच इथे देते. तुमच्याही उपयोगी पडेल.

पहिले म्हणजे, पाय दोन्हीकडे टाकून मधल्या नळीवर उभी राहा. तळवे पूर्ण टेकायला हवेत आणि नळी अंगाला न लागता बोटभर-दोन बोटे अंतर उरायला हवे. आजोबांची आठवण असलेली माझी रॅले इथेच गळाली. तिची फ्रेम साडेतेवीस इंची, लेक पाच फूट चार इंच. सीट खाली घेता येते, पण फ्रेम काही कापून लहान करता येत नाही.

दुसरे, सायकल उचलून बघ. व्हार्सिटी भरली तब्बल अठरा किलोच्या आसपास! डेव्हिसच्या सपाट रस्त्यावर हे वजन एवढे जाणवले नसते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. तिला चढाव नसलेल्या गावात चालवणारे लोक खूश असतात. पण लेकीची खोली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि खाली ठेवली तर चोरीची भीती. रोज दोनदा अठरा किलो कोण वर नेणार? नवरा तर इकडे!

तिसरे, चुंबक लाव. मला वाटले, काका चेष्टा करताहेत. पण लेकीने फ्रिजवरचा मॅग्नेट आधीच खिशात घातला होता. रिमला चिकटला तर रिम लोखंडी. त्या काळच्या स्वस्त सायकलींना चकचकीत क्रोम केलेल्या लोखंडी रिम असत. दिसायला सुंदर, पण पावसात भिजल्या की ब्रेकचे रबर त्यावर नुसते घसरते. ॲल्युमिनियमच्या रिमवर ब्रेक बरे लागतात, वजनही कमी. मॅग्नेट व्हार्सिटीला चिकटला, प्यूजोला चिकटला. कळकट निशिकीला मात्र चिकटला नाही.

चौथे, हँडलखाली चिमटा जिथे फ्रेमला मिळतो, तिथल्या नळ्यांखालून बोट फिरव. रंगाला सुरकुती पडली असेल तर सायकल कधीतरी समोरून धडकलेली आहे. अशी फुकट मिळाली तरी घ्यायची नाही. सीटचा दांडा वरखाली होतो का तेही बघ. वर्षानुवर्षे ग्रीस न लावता तसाच राहिला तर तो फ्रेममध्ये धरून बसतो आणि मग काढता काढता नाकी नऊ येतात.

पाचवे, पायडलची दांडी धरून हलव. प्यूजोची दांडी पाहून काकांचे डोळे चमकले, ‘‘अहो, ही कॉटर पिन! आपल्याकडच्या काळ्या सायकलींना असते तीच जात.’’ पॅरिस काय आणि पुणे काय, ठोकायची हातोडी सारखीच. पण पुढचे त्यांना फोटोवरून कळेना, ते लेकीने वाचून ठेवले होते. जुन्या फ्रेंच सायकलींचे आटे निराळे, त्यामुळे सुटे भाग शोधत बसावे लागते. शिवाय त्या काळात गिअर बदलणाऱ्या यंत्रणेत सिंप्लेक्स कंपनीने प्लॅस्टिक वापरले होते, ते वर्षांनी तडकते. म्हणजे सुंदर प्यूजो घ्यायची ती हौस असेल, हाताशी वेळ असेल तर. परीक्षा तोंडावर असताना नाही.

आणि शेवटचे, चालवून बघ. दहाही गिअर टाकून बघ. या जुन्या गिअरना खटका नसतो. दांडी हळूहळू सरकवायची आणि चेनचा घरघर आवाज थांबला की गिअर बसला, असे कानाने ओळखायचे. निशिकीला होते जपानच्या ‘सनटूर’चे गिअर. स्वस्त असूनही ते त्या काळच्या महागड्या युरोपीय गिअरपेक्षा सफाईने बदलत. या कंपनीने १९६४ साली त्याच्या रचनेचे पेटंट घेतले होते, आणि वीस वर्षांनी ते संपल्यावर इतरांनी तीच पद्धत उचलली.

टायर, केबल, ब्रेकचे रबर इतक्या वर्षांनी बदलावेच लागतात. टायरचे माप २७ इंची, आजकालच्या ७०० मापाच्या टायरपेक्षा जरासे मोठे. पण ते अजून मिळतात. सायकलीच्या किमतीत हा खर्च धरूनच भाव करायचा, हा काकांचा शेवटचा सल्ला.

लेकीने निशिकी घेतली. एकोणीस इंची फ्रेम, बरोबर तिच्या मापाची. मधली नळी आहे, म्हणजे जावेच्या भाषेत ‘जेंट्स’.

ही सगळी गंमत झाल्यावर मला रात्री झोप लागेना. कारण मला एक जुनी गोष्ट आठवत होती.

मी आणि माझ्या मैत्रिणी एका छोट्या संस्थेचे काम करतो. काही वर्षांपूर्वी आम्ही देणग्या जमवून खेड्यातल्या चाळीसेक मुलींना सायकली दिल्या. शाळा लांब, एसटीचा भरवसा नाही, म्हणून मुली आठवीनंतर घरी बसत होत्या. सायकली आम्हीच निवडल्या. गुलाबी रंग, पुढे बास्केट, सगळ्या एकाच मापाच्या. कार्यक्रम छान झाला, फोटो छापून आले. चार महिन्यांनी गेलो तर बऱ्याच सायकली भावांकडे, वडिलांकडे! आम्ही घरच्यांना दोष देऊन परत निघणार, तेवढ्यात एक बुटकीशी मुलगी म्हणाली, ‘‘मॅडम, माझे पाय टेकत नाहीत. दोनदा पडले. मग दादाच नेतो.’’

मुलींना सायकल देताना आम्ही एकीलाही तिच्यावर बसवून पाहिले नव्हते. घरच्यांची मनोवृत्ती हे कारण होतेच, पण त्यांच्या हातात निमित्त दिले ते आम्ही.

आणि आम्ही तरी वेगळे काय अनुभवले होते? मी हाफ पायडल शिकले ते आजोबांच्या सायकलवर. कॉलेजात मिळाली ती भावाने वापरून सोडलेली. पंचेचाळिशी ओलांडली, पण स्वतःसाठी स्वतःच्या मापाची एकही सायकल मी निवडलेली नाही. साडी निवडताना आम्ही पदर उलगडून, पोत चुरगळून, उजेडात नेऊन दहा वेळा बघतो. भाजीवालीकडे भेंडीचे टोक मोडून बघतो. मग यंत्र म्हटले की ‘त्यातलं मला काही कळत नाही बाई’ असे म्हणून बाजूला का होतो? कळत नाही असे नाही, कोणी हातात दिलेलेच नसते.

अमेरिकेतल्या फ्रान्सिस विलर्ड या समाजसेविका. पंडिता रमाबाई तिकडे गेल्या तेव्हा त्यांची या बाईंशी ओळख झाली होती. दारूबंदीच्या कामात उभे आयुष्य घालवलेल्या विलर्ड वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकल्या आणि १८९५ साली त्यांनी त्यावर चक्क पुस्तक लिहिले. त्या काळच्या लांब झग्यात! तेव्हा आपल्याला उशीर झाला, ही सबब चालणार नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे मैत्रिणींनो, की मुलीला सायकल घेऊन देऊ नका, घ्यायला शिकवा. जुनी असली तर आणखी चांगले. नव्या सायकलीत रंग आणि किंमत यापलीकडे फारसे काही बघितले जात नाही. जुनीपुढे उभे राहिले की काय दुरुस्त होईल, काय होणार नाही, कोणत्या दोषावर पैसे कमी करायचे आणि कोणता दोष दिसताच पाठ फिरवायची, हे सगळे ठरवावे लागते. पुढे आयुष्यात घर बघताना, नोकरी बघताना, अगदी स्थळ बघतानासुद्धा ही सवय वाया जाणार नाही.

आमच्या संस्थेने आता नियम केला आहे. आधी मुलीची उंची, मग सायकल. शिवाय पंक्चर काढणे आणि ब्रेकचे रबर बदलणे तिला आलेच पाहिजे. काका महिन्यातून एक रविवार फुकट शिकवायला यायला कबूल झाले आहेत.

आणि हो, काकांकडे एक गिअरची जुनी सायकल विकायला आली आहे. उद्या सकाळी बघायला जाणार आहे. नवरा म्हणाला, ‘‘थांब, मी येतो बरोबर.’’ म्हटले, ‘‘ये की. पण नळीवर उभी मीच राहणार!’’

फ्रिजवरचा मॅग्नेट पर्समध्ये टाकून ठेवला आहे.