कार्ड पाच लाखांचे, गोळी कोणाच्या खर्चाने?

सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकास, उत्पन्नाची अट न घालता, पाच लाख रुपयांपर्यंतच्या इस्पितळी उपचारांचे कार्ड देण्याचा निर्णय केंद्र सरकारने ऑक्टोबर 2024 मध्ये अंमलात आणला. दारिद्र्यरेषेखालील एखाद्या सत्तरीच्या शेतमजूर वृद्धेच्या हाती हे कार्ड पडते, तेव्हा त्याच केंद्र सरकारचा तिच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील वाटा असतो दरमहा 200 रुपये. हा आकडा 2007 सालचा आहे. तेव्हापासून डाळ, तेल, बसचे भाडे, सारे वाढले. ते 200 रुपये तेवढे वाढले नाहीत. राज्ये आपापली भर घालतात, काही भरीव, काही नाममात्र. पण ते राज्यांचे औदार्य झाले.

पाच लाख आणि दोनशे यांचे हे नाते नीट समजून घेतले पाहिजे. आयुष्मान योजना रुग्ण इस्पितळात दाखल झाला तरच लागू होते. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस, एवढीच तिची बाहेरची मर्यादा. परंतु श्रमिकांच्या घरातील आजार या हिशेबाने येत नाहीत. रक्तदाब, मधुमेह, दमा यांना खाट लागत नाही, दरमहा गोळ्या लागतात, त्याही जन्मभर. कार्डाला या गोळ्या दिसत नाहीत. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार 2021-22 मध्ये आरोग्यावर खर्च झालेल्या प्रत्येक शंभर रुपयांतील सुमारे 39 रुपये कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून भरले. 2013-14 मध्ये हेच प्रमाण 64 होते, याचा डंका राज्यकर्ते पिटतात. घट झाली असेल तर ती आम्हास नाकारावयाची नाही. परंतु उरलेल्या खर्चातील मोठा हिस्सा औषधांचा आहे, आणि तेथे कार्डाचा उपयोग शून्य.

परिणाम काय होतो? गोळी महिनाभराची घेण्याऐवजी दहा दिवसांची घेतली जाते. पुढे कधीतरी पक्षाघाताचा झटका येतो, आणि मग मात्र कार्ड चालू लागते. पैसा सरकारचा, इस्पितळ बहुधा खाजगी. गोळीसाठी तिजोरी रिकामी असते, पण झटक्यानंतरच्या बिलासाठी ती उघडते. याला काटकसर म्हणण्याचे धाडस अर्थखात्याने करून पाहावे.

गोळी महाग का, याचाही इतिहास आहे. 1975 साली जयसुखलाल हाथी समितीने औषधांची व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करून ती मूळ नावानेच विकावीत, अशी शिफारस केली होती. बहुराष्ट्रीय औषध कंपन्या सरकारने ताब्यात घ्याव्यात, असा आग्रह समितीतील काही सदस्यांनी धरला होता. त्यानंतर 1979 च्या आदेशाने 347 औषधे किंमत नियंत्रणाखाली आली. 1987 मध्ये ती 142 उरली, 1995 मध्ये 74. सरकारे बदलली, दिशा बदलली नाही. 2013 च्या आदेशाने अत्यावश्यक औषधे पुन्हा नियंत्रणाखाली आणली खरी, पण त्या नियंत्रणाचा कणाच काढून घेतला. पूर्वी उत्पादनखर्च मोजून त्यावर ठराविक टक्के भर दिली जाई. आता बाजारात एक टक्का वा अधिक वाटा असलेल्या छापांच्या किमतींची सरासरी काढतात आणि तिला कमाल मर्यादा म्हणतात! ज्यांनी भाव चढवला त्यांच्याच भावावरून न्याय्य भाव ठरविण्याची ही युक्ती कंपन्यांना गैरसोयीची वाटण्याचे कारण नाही.

स्वस्त औषध बनविणे या देशाला अशक्य होते असेही नाही. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 साली उभी राहिली. सोव्हिएत साहाय्याने आय.डी.पी.एल.चे ऋषिकेश आणि हैदराबाद येथील कारखाने उभारले गेले. डिसेंबर 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आय.डी.पी.एल. बंद करण्याचा आणि पिंपरीचा कारखाना विक्रीस काढण्याचा निर्णय घेतला. आजारी कारखान्यांवर हा उपाय. आजारी माणसांवर कोणता, ते कोणी सांगितले नाही.

वाट नाही असे कोणी म्हणू नये. तामिळनाडूने 1994 साली सरकारी वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केले. राज्यभराची औषधे मूळ नावाने, एकत्रित निविदेने घेतली जातात, प्रत्येक खेप तपासली जाते, आणि रुग्णालये आपल्या पासबुकातील रकमेइतकी औषधे जिल्ह्याच्या गोदामातून उचलतात. रुग्णाला ती मोफत मिळतात. राजस्थानने 2 ऑक्टोबर 2011 पासून हीच वाट धरली. यात क्रांतिकारक असे काही नाही, सरळ व्यवहार आहे.

पैसा कोठून आणावा, हा प्रश्न येणारच. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सार्वजनिक खर्च करण्याचे वचन दिले होते. 2021-22 मध्ये, महामारीच्या सावटाखालीसुद्धा, केंद्र व राज्ये मिळून तो 1.84 टक्के होता. या वचनाची पहिली वसुली प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषधखिडकीवर झाली पाहिजे: बाह्यरुग्णाला महिनाभराच्या गोळ्या मोफत, देशातील प्रत्येक राज्यात, केंद्राच्या खर्चाने. आणि त्याचबरोबर वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा वाढवून तो महागाईच्या निर्देशांकाशी बांधला पाहिजे. हे अव्यवहार्य आहे, असे दिल्लीला म्हणता येणार नाही. 2013 च्या आदेशाने औषधांच्या कमाल किमती घाऊक किंमत निर्देशांकाशी बांधून दिल्या आहेत, आणि एप्रिल 2022 मध्ये त्याच आधारे कंपन्यांना एका दमात पावणेअकरा टक्के वाढ मिळाली.