वाढत्या अंगाचा सदरा चालेल, स्नोबोर्ड नको

आपल्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवण्याची पद्धत जुनी आहे. गणवेशाची बाही दोन बोटे लांब, बूट एक नंबर मोठे आणि सायकल तर दोन वर्षांनी पाय पुरतील अशीच. त्यात काटकसर असते, आणि मूल भराभर वाढणार हा विश्वासही असतो. सदरा सैल झाला म्हणून कुणाचा हात मोडत नाही. स्नोबोर्ड घेताना मात्र हाच हिशेब अंगाशी येतो.

समजा, एखाद्या घरातली सोळा वर्षांची मुलगी हिवाळ्यात गुलमर्गला जाऊन आली. भाड्याचा बोर्ड पायाला बांधून ती चार दिवस बर्फावर घसरायला शिकली, पन्नास वेळा पडली आणि या खेळाच्या प्रेमातच पडून परतली. आता तिला स्वतःचा बोर्ड हवा आहे, तोही फ्रीस्टाइलचा. म्हणजे उड्या मारायला, हवेत गिरकी घ्यायला, उलट्या बाजूने घसरायला सोयीचा. वडील म्हणतात, ‘घ्यायचाच तर एकदाच मोठा आणि मजबूत घेऊ, पुन्हा खर्च नको.’ आईला काळजी हातापायांची. तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे. पण दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी थोडी माहिती करून घेतली, तर पैसे आणि मनगट दोन्ही वाचतील.

मुलींसाठी केलेले खेळणे

या खेळाचा जन्मच एका घरात झाला. १९६५ सालच्या नाताळच्या दिवशी अमेरिकेतील मिशिगन राज्यात मस्कीगन गावी शर्मन पॉपेन या गृहस्थाने मुलींना खेळायला म्हणून दोन स्की शेजारी शेजारी जोडून एक फळी केली. त्याच्या पत्नीने ‘स्नो’ आणि ‘सर्फर’ हे शब्द जुळवून तिचे नाव ठेवले ‘स्नर्फर’. पुढे १९७७ मध्ये जेक बर्टन कार्पेंटर याने व्हरमाँटमध्ये बोर्ड बनवायला सुरुवात केली आणि खेळण्याचा खेळ झाला. १९९८ च्या नागानो ऑलिम्पिकमध्ये स्नोबोर्डिंगला प्रथम स्थान मिळाले. फ्रीस्टाइलचे स्लोपस्टाइल आणि बिग एअर हे प्रकार अनुक्रमे २०१४ आणि २०१८ मध्ये आले. आपल्याकडे २०२० पासून गुलमर्गला खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा भरू लागल्या, त्यांतही स्नोबोर्डिंग आहे.

टीव्हीवर दिसणाऱ्या या खेळाडूंचे बोर्ड पाहून मुलांचे डोळे दिपतात. पण ते बोर्ड वेगाने येऊन बर्फाच्या कठीण भिंतीवर उतरणाऱ्यांसाठी असतात. नवशिक्याला हवा तो बोर्ड याच्या बराच उलट असतो.

माप वजनावरून

बोर्ड उभा धरून तो हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान आला की माप बरोबर, असे दुकानदार सांगतात. अंदाज घ्यायला हे ठीक आहे. पण बोर्ड वाकतो तो माणसाच्या वजनाने, उंचीने नव्हे. सारख्याच उंचीच्या दोन मुलांत एक सडपातळ आणि दुसरा भरलेल्या अंगाचा असेल, तर दोघांना एकच बोर्ड चालणार नाही. ५५ ते ६० किलो वजनाच्या नवशिक्याला साधारण १४० ते १४७ सेंटिमीटरचा बोर्ड पुरतो. प्रत्येक कंपनी आपल्या बोर्डासोबत वजनाचा तक्ता देते, तो अवश्य पाहावा आणि शिकताना त्यातील मधल्या किंवा थोड्या कमी मापाकडे झुकावे. आखूड बोर्ड वळायला हलका असतो, उडी मारताना उचलायलाही सोपा जातो.

वडिलांनी म्हटल्याप्रमाणे दहा सेंटिमीटर लांब बोर्ड घेतला, तर मुलीला तो वळवता येत नाही. वळला नाही की वेग वाढतो, वेग वाढला की भीती वाटते, आणि घाबरलेले शरीर मागे झुकते. मागे झुकले की बोर्ड आणखीनच ऐकेनासा होतो. अशी दोन-चार वेळा फजिती झाली, की पुष्कळ मुले खेळच सोडून देतात.

मऊ की कडक?

बोर्ड ही एक प्रकारची स्प्रिंग आहे. खेळाडू तिला वाकवतो, मग ती वळते. हलक्या अंगाच्या मुलीला कडक बोर्ड वाकवताच येत नाही. बोर्डाचा कडकपणा बहुधा १ ते १० अशा आकड्यांत देतात. नवशिक्याने २ ते ४ च्या आसपास राहावे. अगदीच लेचापेचा बोर्ड थोडा वेग आला की थरथरतो. प्रत्येक कंपनीची मोजपट्टी वेगळी असल्याने नुसत्या आकड्यावर विसंबू नये. बोर्डाचे एक टोक जमिनीवर टेकवून दुसरे हातात धरावे आणि मधोमध तळहाताने दाबून पाहावे. दोन-तीन बोर्ड असे दाबून पाहिले की फरक हातालाच कळतो.

आकार आणि खालची कमान

फ्रीस्टाइलसाठी ‘ट्विन’ आकाराचा बोर्ड घ्यावा. त्याची दोन्ही टोके सारखी असतात, त्यामुळे डावा पाय पुढे असो वा उजवा, तो सारखाच चालतो. मुलीचा कोणता पाय पुढे येतो हे घरीच पाहता येते. पायमोजे घालून गुळगुळीत फरशीवर तिला धावत येऊन घसरायला सांगावे. जो पाय सहज पुढे जातो, तोच बोर्डावरही पुढे ठेवावा.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे बोर्डाची कमान. बोर्ड सपाट जमिनीवर ठेवला असता मधोमध उचललेला दिसला, तर त्याला ‘कॅम्बर’ म्हणतात. त्याची पकड घट्ट असते आणि उडीला जोर मिळतो, पण चूक मुळीच खपत नाही. मधला भाग टेकलेला आणि टोके लवकर वर उचललेली असली तर तो ‘रॉकर’. काही बोर्ड मधे सपाट असतात, काहींत दोन्हींचा मेळ असतो.

नवशिक्याला सपाट किंवा रॉकरकडे झुकणारा बोर्ड का द्यावा, त्याचे कारण आहे. बोर्डाच्या दोन्ही कडांना पोलादी पट्टी असते. घसरताना उताराकडची कड चुकून बर्फात रुतली, की बोर्ड जागीच अडतो आणि माणूस तोंडावर किंवा पाठीवर धाडकन आपटतो. शिकताना सर्वांत वाईट पडणे हेच. टोके वर उचललेली असली, की कड अशी रुतण्याची शक्यता कमी होते. टोकांजवळची धारही दुकानातून थोडी बोथट करून घेता येते.

मऊ, आखूड फ्रीस्टाइल बोर्ड खोल भुसभुशीत बर्फात मात्र नाक खुपसतो. गुलमर्गचे गोंडोला वर अफरवट पर्वतापर्यंत जाते, पण तिथले उतार जाणकारांसाठी आहेत आणि हिमकडे कोसळण्याचा धोकाही असतो. शिकाऊ मुलांनी प्रशिक्षकासोबत खालच्या दाबलेल्या बर्फावरच राहावे.

आधी बूट, मग बोर्ड

बोर्डाची रुंदी बुटावरून ठरते. बूट दोन्ही बाजूंना सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर बाहेर आलेला चालतो. त्याहून जास्त आला तर वळताना बोटे बर्फात घासतात. बोर्ड फार रुंद असला, तर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला उशीर लागतो. म्हणून बूट आधी घ्यावेत.

बुटाच्या बाबतीत तर वाढत्या अंगाचा विचार पूर्ण सोडून द्यावा. पायाची बोटे पुढे हलकेच टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले तरी टाच उचलली जाता कामा नये. पायमोजे एकच जोड. थंडी वाजेल म्हणून दोन जोड चढवले तर पाय आत सरकतो, घड्या पडतात आणि फोड येतात. बूट बोर्डाला ज्या पट्ट्यांनी बांधतात ती बाइंडिंगही मऊच असावी, आणि बोर्डावरील भोकांशी तिचा मेळ बसतो का हे विचारून घ्यावे.

बोर्डाच्या तळाचे दोन प्रकार असतात. ‘एक्स्ट्रूडेड’ तळ स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा असतो, त्याला मेणही कमी लागते. ‘सिंटर्ड’ तळ वेगवान असतो, पण मेणाची निगा सतत मागतो. पहिल्यासाठी पहिला प्रकार पुरेसा आहे.

पैशांचा क्रम

आता आईच्या काळजीकडे वळू. स्नोबोर्डिंगमध्ये नवशिक्यांना सर्वाधिक इजा मनगटाला होते, कारण पडताना माणूस नकळत हात टेकतो. म्हणून खर्चाचा क्रम असा ठेवावा : आधी डोक्यात नीट बसणारे हेल्मेट आणि मनगटाचे संरक्षक पट्टे, नंतर पायाचे बूट, आणि सर्वांत शेवटी बोर्ड. पडताना तळहात न टेकता मुठी आवळून कोपरापासूनच्या हातावर भार घ्यावा, हे प्रशिक्षकाकडून पहिल्याच दिवशी शिकून घ्यावे.

बोर्ड विकत घेण्याचीही घाई नको. वर्षातून एकदाच आठ दिवस बर्फावर जाणाऱ्या कुटुंबाला भाड्याचा बोर्ड परवडतो. शिवाय निरनिराळी मापे वापरून पाहता येतात आणि दीड मीटर लांबीचे सामान मुंबईहून श्रीनगरला वाहून नेण्याची कटकट वाचते. अमेरिका-कॅनडातील मराठी कुटुंबांना तर वाढत्या मुलांसाठी पूर्ण हंगामाचा बोर्ड भाड्याने घेण्याची सोय असते.

जुना बोर्ड मिळाला तरी हरकत नाही. फक्त थर सुटलेले नाहीत ना, तळाला आतले लाकूड दिसेल इतका खोल ओरखडा नाही ना, कडा तुटलेल्या नाहीत ना आणि स्क्रूची भोके झिजलेली नाहीत ना, हे पाहावे. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट करावी. हंगाम संपला की बोर्ड कोरडा पुसून तळावर आणि कडांवर मेणाचा जाड थर द्यावा, नाहीतर पावसाळ्याच्या दमट हवेत कडा गंजतात.

या हिशेबाने त्या सोळा वर्षांच्या मुलीला यंदा हेल्मेट, मनगटाचे पट्टे आणि मापाचे बूट मिळावेत. बोर्ड आणखी एक हिवाळा भाड्याचाच असावा, पण मऊ, आखूड आणि दोन्ही टोके सारखी असलेला. दोन्ही बाजूंना न घाबरता वळता येऊ लागले, की कुठला बोर्ड घ्यायचा हे तिचे तीच सांगेल. तेव्हा वडिलांनी खुशाल पैसे काढावेत. माप मात्र तिच्या त्या दिवशीच्या वजनाचे घ्यावे, पुढच्या वर्षीच्या नव्हे.